जुना जॉन डिअर ३१८ गार्डन ट्रॅक्टर बघतेय, २८०० डॉलर बरोबर आहेत का जास्त?

जाईजुई

मंडळी जरा मदत हवीये. आम्ही न्यूयॉर्क स्टेटमधे रॉचेस्टरच्या बाहेर अडीच एकरावर राहतो, अर्धी जागा उताराची आणि रस्त्यापासून घरापर्यंत लांबलचक खडीचा ड्राइव्हवे. आत्तापर्यंत दुकानातला गवत कापायचा साधा लॉन ट्रॅक्टर वापरत होतो, तो उतारावर दमायला लागलाय, आणि बर्फ काढायला दर हिवाळ्यात माणूस लावतो त्याचे पैसे वेगळे. आता शेजारच्या गावात एक जुना जॉन डिअर ३१८ विकायला निघालाय, १९८७ चा म्हणतात. एका आजोबांचा होता, ते गेले, मुलगा दुसऱ्या राज्यात राहतो आणि घर रिकामं करतोय. सोबत ५० इंची गवत कापायचा डेक, पुढे लावायचा स्नो ब्लोअर, चाकांच्या साखळ्या आणि मागच्या चाकांची लोखंडी वजनं. आवर मीटरवर ११४० तास. फोटोत रंग फिका पडलाय, सीट फाटलीये, बाकी बरा दिसतोय. मागतोय २८००.

मी ऑनलाइन बघितलं तर याच मॉडेलचे भाव ७०० पासून साडेचार हजारापर्यंत काहीही दिसतायत. मग योग्य भाव ठरवायचा तरी कशावरून? वर्षावरून, तासांवरून की नुसतं दिसण्यावरून? नवरा म्हणतोय की एवढ्या जुन्या मशीनला २८०० देण्यापेक्षा तेवढ्यातच दुकानातून नवीन आणू. मला मशीनचं थोडंफार कळतं, ऑइल, बेल्ट, ब्लेड सगळं माझं मीच बदलते, पण इंजिन कधी उघडलेलं नाही. शनिवारी बघायला जायचंय, तोवर काय ते सांगा प्लीज.

केदार_ओहायो

१५०० च्या वर एक डॉलर देऊ नका. त्यात ओनान कंपनीचं इंजिन असतं आणि त्याचे पार्ट्स सोन्याच्या भावात मिळतात. इंजिन गेलं की पूर्ण ट्रॅक्टर गेला समजा. त्यापेक्षा साठ-सत्तरच्या दशकातला इंटरनॅशनलचा कब कॅडेट नाहीतर व्हील हॉर्स ट्रॅक्टर शोधा, त्यात कोहलर कंपनीचं एका सिलिंडरचं लोखंडी इंजिन असतं, साधं आणि दणकट, आणि पार्ट्स अजूनही कुठेही मिळतात.

विस्कॉन्सिनचा_मिस्त्री

जाईजुई ताई, घाई करू नका आणि केदारभाऊंचं ऐकून लगेच सोडूनही देऊ नका. मी विस्कॉन्सिनमधे राहतो, हॉरिकॉन गावापासून फार लांब नाही, हे ट्रॅक्टर तिथल्याच कारखान्यात बनले, त्यामुळे आमच्याकडे ते भरपूर बघायला मिळतात आणि हौस म्हणून मी दुरुस्त पण करतो. जरा सविस्तर लिहितो कारण भाव हा प्रश्न एका आकड्यात सुटणारा नाही.

आधी हे बघा की जुन्या गार्डन ट्रॅक्टरचे दोन बाजार आहेत. एक गोळा करणाऱ्या हौशी लोकांचा. जॉन डिअरचा पहिला गार्डन ट्रॅक्टर ११० हा १९६३ ला आला, सात एचपीचा, त्या पहिल्या वर्षाचा गोल फेंडरवाला कुठे मूळ अवस्थेत निघाला तर लोक चालू आहे का ते न विचारता पैसे मोजतात. किंवा १९६९ ते १९७१ च्या मधे पांढऱ्या अंगाचे ट्रॅक्टर काढले होते, बॉनेट आणि सीट लाल, नारिंगी, पिवळं नाहीतर निळं, हवा तो रंग, त्यांचाही भाव हौसेवर ठरतो. तुमचा ३१८ त्यातला नाही. तो १९८३ ते १९९२ बनला, पुष्कळ बनला, आणि लोक तो आजही कामासाठी घेतात. त्यामुळे वर्ष ८७ आहे का ८९ याने भावात फरक पडत नाही, उद्या सकाळी तो तुमच्या उतारावर किती काम करेल याने पडतो. विकणाऱ्याने व्हिंटेज म्हणून भाव चढवला असेल तर तेवढं मनातल्या मनात वजा करून टाका.

मिस्टरांच्या मुद्द्याचं उत्तर. दोन-तीन हजारात नवीन मिळतो तो लॉन ट्रॅक्टर, म्हणजे पुन्हा तुमच्याकडे आहे तसलाच. त्याची फ्रेम पातळ पत्र्याची, मागची ट्रान्समिशन हलकी, सपाट गवत कापायला ठीक. उतार, जड स्नो ब्लोअर, मागे भरलेली ट्रॉली हे त्याचं काम नाही, दोन-चार वर्षात ट्रान्समिशन बसते आणि ती दुरुस्त करण्यासारखी पण नसते. ३१८ च्या वर्गातला नवीन म्हणजे जॉन डिअरचीच एक्स ७०० सिरीज, ती दहा हजार डॉलरच्या वर जाते. जड फ्रेम, पॉवर स्टीअरिंग, हायड्रॉलिक लिफ्ट आणि १८ एचपी हे सगळं अडीच हजारात दुसऱ्या कुठल्या नवीन मशीनमधे येत नाही. म्हणून तुलना त्या दहा हजारवाल्याशी करा.

आता इंजिन, कारण निम्मा भाव तिथेच आहे. केदारभाऊ बोलले त्यात तथ्य आहे, ओनानचं हे इंजिन आता बनत नाही आणि पार्ट्स महाग आहेत. पण ते इंजिन वाईट नाही. दोन सिलिंडर समोरासमोर आडवे, चालताना एकदम गुळगुळीत, हवेवर थंड होणारं. त्याला मारते ती घाण. सिलिंडरवर पत्र्याची कव्हरं असतात, त्याखाली थंड करणाऱ्या पट्ट्या असतात, त्यात वर्षानुवर्षं गवत आणि तेल चिकटून थर बसतो, थंडीत उंदीर घरटं करतात, वरून काही दिसत नाही, इंजिन तापत राहतं आणि मग व्हॉल्व्हची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर बसतो ती कडी, ढिली होते. ज्याने दर वर्षी कव्हरं काढून साफ केली त्याचं इंजिन खूप वर्षं चालतं. म्हणून विकणाऱ्याला तास किती झाले हे विचारण्याऐवजी कव्हरं शेवटची कधी काढली होती हे विचारा. मुलाला माहीत नसेल तर गॅरेजमधे आजोबांची वही, बिलं, मॅन्युअल काही आहे का बघा. अशी वही सापडली तर मी आनंदाने दोनशे डॉलर जास्त देईन.

आवर मीटरवर भाव ठरवू नका. तो बदललेला असू शकतो, मधेच बंद पडलेला असू शकतो. त्याऐवजी ब्रेकच्या पेडलची झीज, पुढेमागे करायच्या दांड्याची मूठ, स्टीअरिंगची कड बघा, हे खोटं बोलत नाहीत.

शनिवारी काय करायचं ते सांगतो. जायच्या आधी फोन करून सांगा की मी यायच्या आधी ट्रॅक्टर चालू करू नका. गेल्यावर आधी डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल पातळ होऊन पातळी वर गेली असेल तर फ्युएल पंपाचा पडदा फाटलाय नाहीतर कार्बोरेटरची सुई गळतेय. दुरुस्ती स्वस्त, पण तसंच चालवलं असेल तर आतली झीज महाग. मग थंड इंजिन चालू करा आणि मागे कुणालातरी धूर बघायला उभं करा. थोडा वेळ निळा धूर येऊन गेला तर चालेल, थांबलाच नाही तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह. कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा गेज पार्ट्सच्या दुकानातून उसना मिळतो, दोन्ही प्लग काढून दोन्ही सिलिंडरचं बघा. आकडा किती यापेक्षा दोघांत फरक किती हे महत्वाचं. एक चांगला आणि एक एकदम खाली असेल तर व्हॉल्व्ह सीटची शंका, आणि मग भाव एकदम वेगळा, ते खाली सांगतो. इंजिन ज्या बोल्टवर बसलंय तेही हाताने हलवून बघा, ते ढिले पडून खालच्या ऑइलच्या भांड्याच्या आट्या खराब झालेल्या असतात बऱ्याचदा.

मग अर्धा तास चालवा, खरंच अर्धा तास. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ट्रान्समिशन थंड असताना सगळ्यांच्याच चांगल्या असतात, तेल तापलं की खरं काय ते कळतं. तापल्यावर उतारावर पुढे आणि उलट दोन्हीकडे चढवा. दम तोडत असेल किंवा जोरात किंचाळत असेल तर थांबा. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय. पुढचं चाक धरून हलवा, ॲक्सलच्या मधल्या खिळीत खेळ किती आहे ते कळेल. स्टीअरिंगच्या खाली तेल टपकतंय का. डेक वर-खाली करताना लिफ्टचा आडवा शाफ्ट नीट बघा, तिथे वेल्डिंगला चीर जाते. डेकच्या खाली डोकं घालून पत्रा बघा, विशेषतः ब्लेडच्या बेअरिंगभोवती.

आता पैशाचं. आमच्या भागात चांगला चालणारा, कामाला लगेच लावता येईल असा नुसता ३१८ साधारण १४०० च्या आसपास जातो. डेकचे ३०० धरा, स्नो ब्लोअरचे ६००, साखळ्या आणि वजनांचे मिळून २००. झाले २५००. हा आकडा सगळं नीट असेल तेव्हाचा. मग शनिवारी जे जे खराब निघेल त्याचा पार्टचा खरा भाव त्यातून वजा करायचा, अंदाजे नाही, तिथे उभं राहूनच फोनवर पार्टचा भाव काढून. आणि इंजिनच गेलेलं निघालं तर हा हिशोब सोडून द्या, कारण नवीन व्ही ट्विन इंजिन, बसवायचं किट, एक्झॉस्ट सगळं धरून दीड-दोन हजाराच्या खाली येत नाही. अशा वेळी फक्त जोड-अवजारांचे आणि मागच्या ट्रान्समिशनचे पैसे द्यायचे, हजाराच्या आतच.

आणि ऑनलाइन जे भाव दिसतात ते मागितलेले भाव आहेत, त्यावर विश्वास ठेवू नका. ईबेवर विकून झालेल्या वस्तूंचा फिल्टर लावा, ऑनलाइन लिलावात शेवटची बोली कितीला लागली ते बघा. ४५०० ला टाकलेला ट्रॅक्टर वर्षभर तिथेच दिसतो, ११०० ला टाकलेला दुपारपर्यंत जातो.

निफाडकर

मी भारतातून लिहितोय, आमच्याकडं द्राक्षबाग आहे. ३१८ मी बघितलेला नाही पण १८ एचपी म्हणजे आमच्या बागेतल्या मिनी ट्रॅक्टरएवढाच, व्हीएसटी शक्तीचा एमटी १८० डी असतो तो, मित्सुबिशीवाला म्हणतात सगळे, तीन सिलिंडर डिझेल. ब्लोअर लावून फवारणी त्याच्यावरच. जुने घेताना आमच्याकडं पण तोच प्रश्न असतो, की जुन्याचा भाव कसा लावायचा, आणि दलाल लोक रंग मारून चकाचक करून उभा करतात. त्यामुळं फिका रंग बघून मला उलट बरं वाटलं. नवीन रंग असता तर विचारलं असतं की खाली काय झाकलंय.

मिस्त्रीदादांनी जे सांगितलं थंड इंजिनचं त्यात एक जोडतो. पोचल्या पोचल्या कुणाशी बोलायच्या आधी इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर समजायचं की सकाळी चालू करून ठेवलाय, म्हणजे थंड असताना चालू व्हायला त्रास देतोय. अशा वेळी भांडायचं नाही, चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या, पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि मग स्वतः चावी फिरवायची. आमचे वडील ट्रॅक्टर बघायला गेले की निम्मा दिवस तिथंच काढायचे, पण घेतलेला ट्रॅक्टर कधी अंगावर आला नाही.

दुसरं म्हणजे ऑइल भरायच्या जागेचं झाकण काढून इंजिन चालू असताना बघा. तिथून धूर भकाभका येत असेल आणि हाताला वारं जोरात लागत असेल तर पिस्टन-रिंगांचं काम निघालंय. हे डिझेलचं सांगतोय, पेट्रोलला कितपत लागू पडतं ते मिस्त्रीदादा सांगतील.

तुमच्याकडं आरसी बुक, मालकी नावावर करायचे फॉर्म २९, ३०, बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ वगैरे भानगड असते का? आमच्याकडं निम्मे सौदे तिथंच अडकतात, ट्रॅक्टर चांगला, पैसे तयार, आणि कागद तिसऱ्याच्याच नावावर.

लँकेस्टरकर

निफाडकर, इथे गार्डन ट्रॅक्टर रस्त्यावर चालवायचा नसतो त्यामुळे आरसी वगैरे काही नाही. पण विक्रीचा कागद जरूर करा ताई, त्यावर सिरीयल नंबर लिहा आणि दोघांच्या सह्या. आजोबा वारलेत म्हणताय तर मालमत्ता विकायचा अधिकार त्या मुलालाच आहे ना, की अजून बहीणभाऊ आहेत, हे नीट विचारून घ्या. विचारायला संकोच वाटतो पण नंतर कोणाचा फोन आला की त्याहून जास्त त्रास होतो.

भावाबद्दल माझं मत मिस्त्रींपेक्षा जरा वेगळं आहे. आता ऑक्टोबर आहे. डेकचा भाव या दिवसात पडतो आणि स्नो ब्लोअरचा चढतो. तोच ट्रॅक्टर एप्रिलमधे विकला तर उलटं. तुम्ही लेक ओंटारिओच्या बाजूला राहता, तिकडचा बर्फ आम्ही टीव्हीवर बघतो, तुम्हाला स्नो ब्लोअर खरंच लागणार आहे. वेगळा शोधायला गेलात तर याच मॉडेलला बसणारा, पूर्ण ब्रॅकेटसकट, नोव्हेंबरमधे मिळणं अवघड आणि मिळाला तर हजारच्या आसपास. म्हणजे तुमच्यासाठी त्याची किंमत ६०० नाही, जास्त आहे. जी जोड-अवजारं आपण वापरणार नाही त्यांचे पैसे द्यायचे नाहीत आणि जी वापरणार त्यांचे मोजताना हात आखडायचा नाही, असं माझं मत. सगळे ब्रॅकेट, शाफ्ट, बेल्ट, पिना आहेत का ते मात्र एकेक मोजून घ्या, एक ब्रॅकेट हरवलेला असेल तर तो स्नो ब्लोअर नुसतं लोखंड आहे.

विस्कॉन्सिनचा_मिस्त्री

लँकेस्टरकर, पटलं. माझा ६०० हा बाजारभाव, त्यांच्या कामाचा भाव जास्त धरायला हरकत नाही.

निफाडकर दादा, झाकण काढून वारं बघायची पद्धत इथे तशी चालत नाही, या इंजिनात ब्रीदरची एकमार्गी झडप असते, ती आतली हवा ओढून ठेवते, झाकण काढलं की सगळंच बदलतं. पेट्रोलला कॉम्प्रेशन आणि लीक डाउन टेस्टच बरी, म्हणजे सिलिंडरमधे हवा भरून ती कुठून गळते ते बघायचं. पण हात लावून बघायचं ते शंभर टक्के.

आणि केदारभाऊ, कब कॅडेट आणि व्हील हॉर्स मलाही फार आवडतात, कोहलरचं लोखंडी इंजिन दुरुस्त करायला सोपं हे अगदी खरं. पण त्या काळच्या बहुतेकांना पॉवर स्टीअरिंग नाही आणि पुढे स्नो ब्लोअर लावला की स्टीअरिंग फिरवताना खांदे दुखतात. ताईंचा ड्राइव्हवे लांब आहे.

जाईजुई

जाऊन आले. सगळं लिहिते, तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच बघितलं.

इंजिन थंड होतं, हात लावून बघितला. मुलगा सज्जन वाटला, म्हणाला मला यातलं काही कळत नाही, हवा तेवढा वेळ घ्या. एकटाच वारस आहे, कागद दाखवले. आजोबांची वही नाही पण एका डब्यात बिलं आणि मूळ मॅन्युअल सापडलं, ऑइल फिल्टर दर वर्षी घेतल्याचं दिसतंय. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय, कमी पण नक्की येतोय. सुरू झाला दुसऱ्या चावीला, निळा धूर थोडा आला आणि गेला. कॉम्प्रेशन दोन्हीकडे जवळपास सारखं, पाचेक पाउंडांचा फरक. कव्हरच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं तर गवत आहे पण घरटं वगैरे नाही.

अर्धा तास चालवला, त्यांच्या घरामागे चढ आहे तिथे पुढे आणि उलट दोन्हीकडे न थांबता चढला, आवाज नाही. स्टीअरिंगच्या खाली तेलाचा ओलावा आहे, जमिनीवर पण डाग. पुढच्या ॲक्सलमधे खेळ आहे, चाक हलवलं की ठकठक. डेकला एका बेअरिंगच्या बाजूला पत्रा कुजून बोट जाईल एवढं भोक. बॅटरी खलास, त्याने जंप देऊन चालू केला. लिफ्टच्या शाफ्टला चीर दिसली नाही. स्नो ब्लोअरचे सगळे ब्रॅकेट भिंतीला टांगलेले होते, एकेकाला चिठ्ठी लावून. ते बघून मला आजोबांबद्दल फार आदर वाटला.

मी तिथेच पार्ट्सचे भाव काढले. पंप आणि कार्बोरेटर किट धरून १००, ॲक्सलचं बुश आणि खिळी ८०, बॅटरी ६०, डेकला वेल्डिंग आणि एक बेअरिंग २००, स्टीअरिंग व्हॉल्व्हचं काम २५० च्या आसपास. म्हणजे ६९० झाले. २५०० मधून वजा केले तर १८१०. मी अजून काही बोलले नाहीये, उद्या फोन करते म्हणून सांगितलं. १८१० बोलू का? २८०० मागणाऱ्याला हे ऐकून राग येईल असं वाटतंय.

विस्कॉन्सिनचा_मिस्त्री

ताई फार छान बघितलंत. कॉम्प्रेशन सारखं आणि तापल्यावर चढ चढला, म्हणजे महागाच्या दोन्ही गोष्टी पास. बाकी सगळी हातातली कामं आहेत.

हिशोबात एक बदल करा. एवढ्या जुन्या चांगल्या ट्रॅक्टरलाही कुठे ना कुठे तेल ओलं असतंच आणि २५०० चा आकडा ते धरूनच आहे. स्टीअरिंगचा ओलावा म्हणजे लगेच २५० चं काम नाही, तेल बघत राहिलात तर दोन वर्षं तसाच चालेल, म्हणून त्याचे निम्मेच कापा. पंप, बॅटरी, ॲक्सल, डेक मात्र पूर्ण कापा, कारण ते या मोसमात करायलाच लागणार. म्हणजे ५६५ वजा, १९३५. मी १९०० ने सुरुवात करेन आणि २१५० पर्यंत मनात तयारी ठेवेन. त्यावर गेलं तर शांतपणे नाही म्हणायचं.

राग येईल का म्हणालात, तर नुसता आकडा फेकला की येतो. तुम्ही यादी पाठवा. काय चांगलं आहे ते आधी लिहा, की इंजिन नीट आहे, ट्रान्समिशन नीट आहे, तुमच्या वडिलांनी काळजी घेतलीये हे दिसतं, आणि मग खाली कामांची यादी, प्रत्येकासमोर पार्टचा भाव. त्याला मशीन कळत नाही, म्हणजे २८०० हा आकडा त्याने ऑनलाइन बघूनच टाकलाय, त्यालाही योग्य भाव माहीत नाही. यादी बघितली की त्यालाही पटतं की कोणी आपल्याला फसवत नाहीये. आणि खरंच फसवू नका, तो अडचणीत आहे, घर रिकामं करायचंय म्हणून १२०० ला पाडून घेता येईल कदाचित, पण तो योग्य भाव नाही.

केदार_ओहायो

कॉम्प्रेशन सारखं निघालं असेल तर मी माझं १५०० मागे घेतो. २००० ला घ्या. रोख घेऊन जा आणि त्याच दिवशी उचलून नेईन म्हणा, घर रिकामं करणाऱ्याला शंभर डॉलरपेक्षा ते जास्त महत्वाचं असतं.

लँकेस्टरकर

सहमत. आणि उरलेलं सामान मागा. बेल्ट, जुने ब्लेड, तेलाचे डबे, फिल्टर, जे काही त्या ट्रॅक्टरचं शेल्फवर असेल ते. त्याला ते कचऱ्यातच टाकायचंय, तुम्हाला दोन वर्षं पुरेल. भाव अडला असेल तर असं सामान मधे आणलं की दोघांनाही बरं वाटतं.

जाईजुई

झालं! यादी पाठवली, १९०० लिहिले, शेवटी २१०० ला ठरलं. तो म्हणाला की आलेल्यांपैकी तुम्ही एकट्याच अशा की ज्यांनी काय चांगलं आहे ते पण सांगितलं, बाकीच्यांनी नुसते कमी आकडे पाठवले. शेल्फवरचं सगळं सामान, दोन नवीन फिल्टर, एक बेल्ट आणि मूळ मॅन्युअल त्यातच. विक्रीचा कागद तयार केलाय. नवऱ्याला दहा हजाराच्या एक्स ७०० चा भाव दाखवला, आता तोच जास्त उत्साहात आहे.

दोन शेवटचे प्रश्न. सिरीयल नंबर कुठला लिहू, इंजिनवर वेगळा आणि फ्रेमवर वेगळा दिसतोय. आणि रविवारी रॅम्पवाला ट्रेलर भाड्याने घेऊन आणायचाय, काही काळजी घ्यायची का? नेताना डेक लावलेलाच ठेवू?

विस्कॉन्सिनचा_मिस्त्री

अभिनंदन ताई, २१०० एकदम योग्य.

कागदावर फ्रेमवरच्या प्लेटचा नंबर लिहा, जो एम पासून सुरू होतो आणि मधे ३१८ येतं. इंजिन बदललेलं असू शकतं, फ्रेम तीच राहते. इंजिनचा नंबर पण बाजूला लिहून ठेवा, पार्ट्स मागवताना तो लागतो. आणि फ्रेमच्या नंबरचे शेवटचे सहा आकडे बघा, ४२०००० पर्यंतचे आणि ४२०००१ पासूनचे यांचं वायरिंग आणि काही पार्ट्स वेगळे आहेत, वायरिंगचा नकाशा मागवताना चुकीचा येऊ देऊ नका.

डेक काढून वेगळा ठेवा, लावलेला असला की रॅम्पच्या कडेला अडकतो आणि तुमचा पत्रा आधीच कुजलाय. साखळ्या चाकांना घालून रॅम्पवर चढवू नका. ट्रेलरवर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला पट्टे बांधा, स्टीअरिंगच्या दांड्यांना किंवा लिफ्टला नको. चढवताना हळू, दांडा अगदी थोडा पुढे.

सगळ्यात महत्वाचं, पेट्रोल. पंप किंवा सुई गळतेय हे आपल्याला माहीत आहे, वाटेत हिंदकळत टाकीतलं पेट्रोल ऑइलमधे उतरेल. टाकी होईल तेवढी रिकामी करा, टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या रबरी पाइपला चिमटा लावून घ्या, आणि घरी पोचल्यावर ट्रेलरवरून उतरवण्यापुरताच चालू करा. मग ऑइल आणि फिल्टर बदलायचं, पंप आणि कार्बोरेटर किट बसवायचं, आणि त्याच वेळी कव्हरं काढून पट्ट्यांमधलं ते गवत साफ करायचं. पाइपवर एक शटऑफ कॉक कायमचा टाकून घ्या, दहा डॉलरच्या आत मिळतो, ट्रॅक्टर उभा केला की बंद करायचा.